चारबागची रेवडी आणि सात दिवसांचे डाएट

लखनौचे चारबाग स्टेशन पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते स्टेशन वाटतच नाही. लाल-पांढरे घुमट, छत्र्या आणि मिनार पाहून एखाद्या नबाबाच्या हवेलीसमोर उतरल्यासारखे वाटते. बाहेर पडावे तर रेवडी आणि गजक यांचे पुडे रचलेली दुकाने. लखनौला येऊन रेवडी न घेता परत जाणे म्हणजे पंढरपूरला जाऊन बुक्का न लावता परतण्यासारखेच.

मुंबई-पुण्याकडून एखाद्या लग्नासाठी इथे उतरलेली एक सून डोळ्यांसमोर आणा. तिला घ्यायला आलेल्या मावशी लखनौच्या मराठी मंडळींपैकी, कितीतरी वर्षे तिथेच राहिलेल्या. पंडित भातखंडे यांनी १९२६ साली या शहरात संगीत महाविद्यालय उभे केले, तेव्हापासून मराठी माणसाला लखनौ काही परके राहिलेले नाही. मावशी मोठ्या कौतुकाने रेवडीचा पुडा पुढे करतात.

"अगं, एक तरी घे तोंडात!"

"नको हो मावशी, माझं डाएट चालू आहे. आज तिसरा दिवस. आज फक्त फळं आणि भाज्या."

"आणि उद्या?"

"उद्या फक्त केळी आणि दूध."

"आणि लग्नाच्या पंगतीत काय, नुसतं पान राखायला बसणार?"

अशी सून आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे, आणि केवळ सूनच नव्हे, मुलगा, जावई आणि साठीला टेकलेले काकाही आहेत. कुणी सात दिवसांचे डाएट करतो, कुणी भात-पोळी सोडून नुसत्या पनीर-अंड्यांवर राहतो, कुणी दिवसभर रसच पितो. सात दिवसांच्या या डाएटला तर एका मोठ्या परदेशी मोटार कंपनीचे नाव चिकटलेले आहे. ते त्या कंपनीने आपल्या कामगारांसाठी तयार केले, असे सांगितले जाते. याला कसलाही भरवशाचा पुरावा नाही. पण कागदावर मोठे नाव असले की वाचणारा फार चौकशी करीत नाही.

चार किलो गेले कुठे?

या सुनेचे वजन सात दिवसांत खरोखरच तीन-चार किलोने उतरू शकते. काटा खोटे बोलत नाही. मग डाएटमध्ये वाईट काय?

साधा हिशेब करून पाहू. एक किलो चरबी जळायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. बैठे काम करणाऱ्या भारतीय स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० कॅलरी लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशी सांगतात. म्हणजे तिने सात दिवस अन्नाचा कणही न खाता केवळ पाण्यावर काढले, तरी तूट होईल साडेअकरा हजार कॅलरींच्या आसपास. त्यातून जेमतेम दीड किलो चरबी कमी होईल. वजन जास्त असेल तर गरज थोडी अधिक, एवढाच फरक. मग थोडेफार खाऊन चार किलो उतरले, ते कशाचे?

बरेचसे पाण्याचे. आपले यकृत आणि स्नायू साखरेचा एक साठा बाळगून असतात. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा एकूण साधारण अर्धा किलो भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी बंद झाली की दोन-तीन दिवसांत हा साठा संपत येतो आणि त्याच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. मीठ कमी झाले, पोटात अन्न कमी राहिले, त्यानेही काटा खाली येतो. आठव्या दिवशी लग्नाची पंगत झाली की साठा पुन्हा भरतो, पाणी परत येते आणि काटा जागच्या जागी. सून म्हणते, "माझ्या अंगाला अन्न लागतं फार लवकर!" दोष अंगाचा नसतो. गेले होते ते पाणी, आणि पाणीच परत आले.

एकाच शहरातले दोन पाहुणे

याच लखनौला १९१६ सालच्या डिसेंबरात दोन मोठे पाहुणे आले होते. निमित्त होते काँग्रेसच्या अधिवेशनाचे. आजच्या स्टेशनच्या इमारतीची पायाभरणी होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. एक पाहुणे लोकमान्य टिळक. त्यांची गाडी लखनौच्या तरुणांनी हातांनी ओढत नेली. दुसरे महात्मा गांधी. याच अधिवेशनाच्या सुमारास त्यांची आणि जवाहरलाल नेहरूंची पहिली भेट झाली आणि चारबाग स्टेशनाचे नाव त्या भेटीशी कायमचे जोडले गेले.

आहाराच्या बाबतीत या दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या सहा वर्षांच्या तुरुंगवासात त्यांना त्यापायी खाण्यापिण्यात बदल करावे लागले. ते होते पथ्य. आजार कोणता हे ठाऊक, काय टाळायचे ते ठाऊक आणि कशासाठी तेही ठाऊक.

गांधीजींचे होते प्रयोग. ते वजन उतरवण्यासाठी नव्हते, संयमासाठी आणि तत्त्वासाठी होते. पण शरीराला हेतू कळत नाही, त्याला अन्न तेवढे कळते. १९१२ साली त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू असा होता. त्यातून आमांश झाला. सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग खाल्ले, आणि आजार इतका बळावला की आपला शेवट जवळ आला असे त्यांना वाटू लागले. हवापालटासाठी माथेरानला नेले, तर तिथले जड पाणी सोसेना. अखेर मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्टच सांगितले की दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजी व्रत मोडायला तयार होईनात. तेव्हा वाट काढली ती कस्तुरबांनी. शपथ घेतली तेव्हा मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचे दूध का चालू नये, असा त्यांचा सवाल होता. गांधीजींनी ते मान्य केले आणि ते सावरले. आत्मकथेत हा सगळा प्रसंग त्यांनी काहीही न लपवता लिहिला आहे.

इतके होऊनही १९२९ साली त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभला. काही महिन्यांतच प्रकृती बिघडली आणि तो सोडावा लागला. पण त्यांचा एक मोठेपणा इथे लक्षात घेतला पाहिजे. प्रयोग फसला हेही त्यांनी आपल्या पत्रातून वाचकांना कळवले. आजचे डाएट विकणारे हेच नेमके करीत नाहीत. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो छापतात. 'नंतरच्या नंतर'चा तिसरा फोटो कधीच छापत नाहीत.

शरीर हिशेब ठेवते

तो तिसरा फोटो शास्त्रज्ञांनी मात्र काढून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण आपण होऊन पुढे आले होते. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने उतरले. पण त्याचबरोबर नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली. डोक्यात रात्रंदिवस अन्नाचाच विचार. काहीजण पाकक्रियेची पुस्तके जमवून वाचत बसले. उपासमार संपल्यावर त्यांनी पोट भरूनही न थांबता खाल्ले आणि चरबी झपाट्याने परतली. डाएटवरची सून सारखी फ्रीज का उघडते आणि मुलांवर का खेकसते, याचे उत्तर यात आहे. तिचा निश्चय कच्चा नसतो. शरीर दुष्काळ पडला असे समजून स्वतःला वाचवत असते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. अमेरिकेत वजन घटवण्याच्या स्पर्धेचा दूरदर्शनवर मोठा कार्यक्रम होत असे. त्यातल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी केली गेली आणि ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. स्पर्धेत प्रत्येकाने सरासरी ५८ किलो वजन कमी केले होते. त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते. आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. म्हणजे सहा वर्षे उलटली तरी शरीराची काटकसर संपली नव्हती.

धोका कोणाला?

वजन परत येणे एवढेच नुकसान असते तर एकवेळ चालले असते. पण काही वेळा जिवावर बेतते. १९७० च्या दशकात अमेरिकेत केवळ द्रव प्रथिनांवर राहण्याचे वेड पसरले. १९७७-७८ च्या सुमारास अशा आहारावर असलेल्यांच्या सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. अनेकांच्या हृदयाची लय बिघडली होती. वजन उतरत होते, पण हृदयाचा स्नायूही झिजत होता.

इतक्या टोकाला न जाताही धोके आहेत. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. केस गळणे, पाळी अनियमित होणे, बद्धकोष्ठ, चक्कर या तक्रारी नेहमीच्याच. आपल्याकडे तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आहे. मुळातच रक्त कमी, त्यात आठवडाभर कोबीचे सूप. अशाने अशक्तपणा येणार नाही तर काय होणार?

सर्वांत जास्त धोका मधुमेहाच्या रुग्णांना. जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांचे औषध ठराविक जेवण गृहीत धरून ठरवलेले असते. जेवण बंद केले आणि गोळी चालूच ठेवली तर रक्तातील साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, बेशुद्धीही येऊ शकते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांवर असताना भात-पोळी पूर्ण बंद केली, तर रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो. पुतण्याने मोबाइलवर पाठवलेला डाएटचा कागद काकांनी डॉक्टरांना न दाखवता अमलात आणू नये, तो यासाठी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण, यांनीही असल्या प्रयोगांपासून चार हात दूरच राहावे.

दोनदा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात २०१८-१९ च्या सुमारास एक वाद घराघरांत रंगला होता. सामुदायिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत सांगितले की दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवा. मध्ये काही खाऊ नका आणि रोज चाला. उलट मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात थोडे थोडे, दर दोन तासांनी खाण्याचा पुरस्कार केला होता. झाले! भिशीत, लोकलमध्ये, लग्नघरात 'तू कोणाच्या बाजूची?' हाच प्रश्न.

दोघांचेही अनुयायी आपले वजन उतरल्याचे सांगत होते, आणि दोघेही खोटे बोलत नव्हते. कारण दोन्ही वाटांवर काही गोष्टी समान होत्या. येता-जाता फरसाण आणि बिस्किटे तोंडात टाकणे थांबले, घरचे अन्न वाढले, व्यायाम सुरू झाला आणि माणूस आपण काय खातो याकडे लक्ष देऊ लागला.

परदेशातल्या काटेकोर अभ्यासांतही असेच दिसते. अमेरिकेत ६०९ लोकांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी तेल-तूप कमी केले, निम्म्यांनी पिष्टमय पदार्थ. पहिल्यांचे वजन सरासरी ५.३ किलोने उतरले, दुसऱ्यांचे ६ किलोने. हा फरक लक्षणीय ठरला नाही. चीनमध्ये १३९ लोकांवरील अभ्यासात, जो २०२२ साली आला, दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या आणि एका गटाने रोज आठ तासांतच खाणे उरकले. वर्षाअखेरीस तिथेही दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र प्रत्येक अभ्यासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. एकाच आहारावर कुणाचे पंधरा किलो उतरतात, तर कुणाचे वजन उलट वाढते. ज्याला जो आहार झेपला आणि टिकला, त्याला तो लागू पडला.

म्हणून वजनाकडे दुर्लक्ष करावे काय?

मुळीच नाही. उलट आपण भारतीयांनी अधिक सावध असायला हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एक गमतीदार पण डोळे उघडणारी तुलना प्रसिद्ध केली. ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन, दोघांचेही उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आत चरबी, अशी आपली ठेवण. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर काट्यापेक्षा जास्त बोलतो. पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

त्या उंबरठ्यावरच्यांसाठी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ सालचा अभ्यास फार धीर देणारा आहे. ५३१ लोकांवर तीन वर्षे तो चालला. ज्यांनी आहारात साधे बदल केले आणि नियमित चालले, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. आणि विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरलेच नव्हते! काटा हलला नाही म्हणून ज्यांनी चालणे सोडले, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

फॅड ओळखावे कसे?

कागद हातात आला की चार प्रश्न विचारावेत. आठवड्याला किलोभराहून अधिक वजन उतरेल अशी हमी देतो का? एखादा अन्नगटच पूर्ण बंद करायला सांगतो का? पावडर, चहा किंवा डबे विकत घ्यायला लावतो का? आणि तुमचा आजार, औषधे, वय न विचारताच सगळ्यांना एकच आहार देतो का? यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले तर तो कागद रद्दीत टाकावा.

त्याऐवजी करायचे ते जुनेच आणि कंटाळवाणे आहे. ताटात निम्मी जागा भाज्या-फळांना द्यावी. प्रत्येक जेवणात वरण, उसळ, दही, अंडी, मासे यांपैकी काहीतरी असावे. पोळी-भात सोडू नये, पण एक पोळी आणि एक डाव भात कमी करावा. शक्य तर ज्वारी-बाजरीची भाकरी ठेवावी. चहातली साखर आणि चार वाजताचे फरसाण यांवर नजर ठेवावी. महिन्याचे तेल मोजून आणावे. रोज अर्धा-पाऊण तास चालावे आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले. सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के कमी झाले तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसू लागतो. वजन फार जास्त असेल तर डॉक्टरांकडे जावे. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्या देशातही मिळू लागली आहेत, पण ती कोणाला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचे, शेजारणीने नव्हे.

आणि आपली चारबागची सून? तिने त्या पुड्यातल्या दोन रेवड्या घ्याव्यात, चवीने, सावकाश खाव्यात आणि पुडा मावशींच्या हाती परत द्यावा. पंगतीत बसावे, सगळे थोडे थोडे घ्यावे, आग्रहाला हसून नको म्हणावे आणि जेवण झाल्यावर मावशींचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत शतपावली करावी. लग्न आटोपून घरी गेल्यावर सोमवारपासून नव्हे, दुसऱ्याच दिवसापासून आपल्या रोजच्या ताटात एक छोटासा बदल करावा. असा बदल, जो पुढच्या दिवाळीतही चालू असेल. सात दिवसांच्या डाएटची परीक्षा आठव्या दिवशी होत नसते. ती होते वर्षाने, जेव्हा तेच पोलके पुन्हा अंगात घालून पाहिले जाते.